सौख्यधारा सोसायटीची गुप्तगोदा

सकाळचे सात वाजायचे होते, पण इंदिरानगरातल्या सौख्यधारा सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. कोणी तांब्या आणला होता, कोणी कळशी, कोणी तेलाचा रिकामा डबा. एका गृहस्थांना घरात दुसरं काही रिकामं सापडलं नाही, म्हणून ते प्रेशर कुकर घेऊन आले होते, शिट्टीसकट. सगळ्यांचे डोळे उंबराच्या बुंध्याकडे लागले होते. तिथे दगडी भिंतीच्या फटीतून बोटभर जाडीची धार पडत होती आणि धारेखाली पांढराशुभ्र फेस साचत होता.

"क्षीरसागर!" लाउडस्पीकर गरजला. "भक्तहो, हा फेस नव्हे, हा साक्षात क्षीरसागर! जरा नाक पुढे करा. चंदनाचा वास येतो की नाही?"

"येतो!" गर्दी एका सुरात ओरडली.

"नळाच्या पाण्याला येतो का?"

"नाही! त्याला औषधाचा वास येतो!"

"कसा येईल चंदनाचा? नळाचं पाणी म्हणजे एच टू ओ. आणि ही माझी माय म्हणजे…" महाराजांनी डोळे मिटले, दोन्ही हात वर केले. "एच टू ओम्!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुकरवाल्या गृहस्थांनी कुकरचं झाकण वाजवलं.

हे होते जलानंद महाराज. आकाशी रंगाची कफनी, खांद्यावर रुळणारे केस, गळ्यात लिंबाएवढे रुद्राक्ष आणि डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा काळा चष्मा. ते हिमालयातून आले, असं त्यांचा शिष्य कुंदन माइकवरून सांगायचा. ते अंबडला पाण्याचे पंप विकायचे, असंही काही लोक सांगायचे, पण माइकशिवाय.

महाराजांच्या उजव्या हाताला, चांदीची पळी घेऊन, शुभ्र धोतरात उभे होते ढुंढिराज गायधनी. सोसायटीचे अध्यक्ष आणि या तीर्थाचे पहिले शोधकर्ते. त्यांच्या घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या रामकुंडावर यात्रेकरूंचे संकल्प सांगण्यात गेल्या होत्या. ढुंढिराजांचा जन्म मात्र विमा कार्यालयात लोकांना हप्ते समजावून सांगण्यात गेला. पोट भरलं, घर झालं, पण मनात एक बारीकसा काटा राहिला. त्यात सिंहस्थ तोंडावर आलेला. सगळी नाशिक नगरी रंगरंगोटीला लागलेली. अशात चैत्रातल्या एका सकाळी फिरून येताना त्यांना उंबराखाली पाणी दिसलं. उंबर म्हणजे दत्ताचं झाड! ढुंढिराजांना वाटलं, देवाने आपला पत्ता शोधत शोधत इंदिरानगर गाठलं.

त्यांनी धारेला हळदकुंकू वाहिलं आणि नाव ठेवलं 'गुप्तगोदा'. दुसऱ्या दिवशी सायखेड्याच्या अंबूबाईने शेजारी झेंडूची पाटी मांडली. आठवडा व्हायच्या आत महाराज जीप घेऊन हजर झाले, स्वतःच्या लाउडस्पीकरसह. गुळाला मुंगी लागायला वेळ लागतो, पण तीर्थाला महाराज फार लवकर लागतात.

"अंबूबाई, तू घेतलंस का तीर्थ?" ढुंढिराजांनी एकदा विचारलं होतं.

"म्या कवा घेनार, दादा?" अंबूबाई हार गुंफता गुंफता म्हणाली. "गिऱ्हाईक लय हाय. जागा सोडून उठाया नाय मिळत."

गुप्तगोदेचं वेळापत्रक मोठं गमतीचं होतं. सकाळी धार जोरात. दुपारी टिपूस नाही. महाराज म्हणायचे, माय विश्रांती घेते. संध्याकाळी पुन्हा थोडी. रविवारी मात्र सकाळचे नऊ वाजून गेल्याशिवाय दर्शन नाही. आणि एकदा जलवाहिनी फुटल्यामुळे अख्ख्या भागात नळाला पाणी नव्हतं, त्या दिवशी गुप्तगोदाही कोरडी ठणठणीत! "आज मायचा निर्जळी उपवास," असं महाराजांनी जाहीर केलं आणि निम्म्या गर्दीने तिथल्या तिथे उपवास धरला.

"कमाल आहे," ढुंढिराजांच्या पत्नी सरोजिनीबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या. "रविवारी लोक उशिरा उठतात, तशी तुमची गोदाही उशिरा उठते. नळ गेला की तीही जाते. अहो, हिचा आणि आपल्या नळाचा काही घरोबा आहे का?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे."

"तीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं. ते खोट काढायचंच काम होतं."

ढुंढिराज धोतर सावरत निघून गेले. जाताना त्यांनी सात वर्षांच्या ओवीला, म्हणजे नातीला, हाक मारली. ओवी रोज आजोबांच्या हातून पळीभर तीर्थ घ्यायची. हात चाटायची आणि म्हणायची, "आजोबा, साबणासारखं लागतं." आजोबा म्हणायचे, "चंदनासारखं म्हणावं, बाळा."

मग एका सोमवारी ओवीला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत जुलाब. संध्याकाळी तिचे डोळे आत गेले, ओठ सुकले, आणि एरवी क्षणभर गप्प न बसणारी पोर आईच्या, शुभांगीच्या, खांद्यावर ओल्या टॉवेलसारखी पडून राहिली. दवाखान्यात डॉ. मंजुषाने तिच्या इवल्याशा हातात सलाइनची सुई खुपसली तेव्हा ढुंढिराजांनी तोंड फिरवलं.

"पाणी कुठलं पिते ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "तुमच्या सोसायटीतली आणखीही मुलं आलीत माझ्याकडे."

ओवीच डोळे न उघडता पुटपुटली, "आजोबांचं तीर्थ."

ढुंढिराज तसेच उठून महाराजांकडे गेले. "महाराज, नात फार आजारी आहे हो."

"आनंद आहे!" महाराज म्हणाले. "पूर्वजन्मीचा मळ बाहेर पडतोय. एक पळी देत होता ना? दोन द्या."

ढुंढिराजांनी मान डोलावली खरी, पण घरी येईपर्यंत त्यांच्या मनात एकच प्रश्न घोळत होता. एवढ्याशा पोरीचा पूर्वजन्मीचा मळ असून असून असणार किती?

सरोजिनीबाईंनी तोवर आरोग्य केंद्रातून एक लहान बाटली आणली होती. तिच्यात पाणी भरून उबेत ठेवायचं. पाण्यात मैल्यातले जंतू असले की बाटलीतलं पाणी काळं पडतं. त्यांनी गुप्तगोदेचं पाणी भरून बाटली तांदळाच्या डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी बाहेर काढली, तर पाणी डांबरासारखं काळं. बाई बाटली उंच धरून थेट उंबराखाली गेल्या.

"हे बघा! या पाण्यात संडासातले जंतू आहेत. हे पिऊ नका."

गर्दी क्षणभर चपापली. महाराजांनी मात्र बाटलीकडे पाहून शांतपणे हात जोडले.

"ताईंनी मायला बाटलीत कोंडलं. माय कोंडलेली राहते का? रागाने काळी झाली. भक्तहो, दर्शन घ्या, ही कालिमाता!"

"कालिमाता की जय!" गर्दी गरजली. कोणीतरी बाईंच्या हातातल्या बाटलीवर झेंडूचं फूल ठेवलं. कुकरवाले गृहस्थ हळूच जवळ आले. "ताई, हे काळं तीर्थ आणखी करून मिळेल का? आमच्या मेव्हण्यांना साडेसाती आहे."

सरोजिनीबाईंनी कपाळाला हात लावला.

ओवी घरी आली, पण अजून भिंतीला धरून चालत होती. ढुंढिराज आता तीर्थ वाटायचे, पण स्वतः घ्यायचं टाळायचे. पण वाटणं सोडवतही नव्हतं. अख्खी कॉलनी त्यांना 'गुप्तगोदेचे गायधनी' म्हणत होती, आणि हे नाव ऐकायला फार गोड लागत होतं.

त्याच आठवड्यात तो प्रकार झाला. आरती रंगात आली होती आणि भिंतीतून पडणारी पांढरी धार बघता बघता निळी होऊ लागली. आधी फिकी, मग गडद, मग चक्क मोरपिशी!

"श्यामसुंदर!" महाराजांचा आवाज चिरकला. खरं म्हणजे दचकून ते दोन पावलं मागे सरले होते. पण पाय मागे जाताना तोंड पुढे चालवायची कला त्यांना अवगत होती. "कृष्ण! कृष्ण आला! यमुना गोदेला भेटायला आली!"

लोकांनी लोटांगणं घातली. जे धारेच्या जवळ होते त्यांचे सदरे निळे झाले आणि ते सदरे जन्मभर न धुण्याची त्यांनी शपथ घेतली. ढुंढिराजांच्या अंगावर काटा आला. सगळ्या शंका धुऊन गेल्या. ते धापा टाकत घरी आले.

"सरोजिनी! अगं, चमत्कार! धार निळी झाली! अशी निळी, अशी निळी की काय सांगू…"

सरोजिनीबाई न्हाणीघरातून बाहेर आल्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ते कोपरापर्यंत निळे होते.

"अशी?" त्यांनी विचारलं.

ढुंढिराजांनी ते हात उलटसुलट करून पाहिले.

"तुमची धोतरं निळीत काढली आत्ता. पुडी फुटून सगळी नीळ बादलीत पडली. वाया गेली म्हणून बादली मोरीत ओतली." बाईंनी एक एक शब्द वेगळा करून, शेवटच्या बाकालाही कळेल अशा आवाजात सांगितलं. "अहो, आपली मोरी त्या भिंतीच्या अंगाला आहे."

"योगायोग असेल."

"असेल ना. एकदा झालं तर योगायोग. पुन्हा करून बघू या."

त्यांनी स्वयंपाकघरातून जिलबी-बर्फीत घालायच्या खायच्या रंगांच्या पुड्या आणल्या: पिवळा, हिरवा, गुलाबी. त्या ढुंढिराजांच्या हातात ठेवल्या.

"उद्या सकाळी मी तिकडे भिंतीपाशी उभी राहीन. तुम्ही इथे थांबा. यातला कुठलाही एक रंग पाण्यात कालवून मोरीत ओता. कुठला, ते मलासुद्धा सांगू नका. मी महाराजांना विचारीन, आज माय कुठल्या रंगात दर्शन देणार. त्यांना मायच सांगते ना सगळं? मग सांगेल हेही."

"आणि काहीच रंग आला नाही तर?"

"तर मी रोज दोन पळ्या घेईन," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कृष्णदर्शनाच्या आशेने दुप्पट गर्दी लोटली होती. ढुंढिराज न्हाणीघराच्या दगडावर उभे होते. समोर पाण्याने भरलेली बादली आणि खिडकीच्या कठड्यावर तीन पुड्या. लाउडस्पीकर असा होता की न्हाणीघरात वेगळा लावायची गरजच नव्हती.

सरोजिनीबाईंचा आवाज आला. "महाराज, काल मायने निळा रंग दाखवला. आज कुठला दाखवणार, ते आधी सांगाल का? म्हणजे आमच्यासारख्या शंकेखोरांची तोंडं बंद होतील."

"सांगा, महाराज, सांगा!" गर्दी ओरडली.

थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली. महाराज पेचात पडले असावेत. पण एवढ्या लोकांसमोर आणि चालू माइकवर नाही म्हणणार कसं?

"भक्तहो, कृष्ण येऊन गेला. आता त्याचं पीतांबर येणार! आज माय पिवळी नेसणार, पिवळी!"

ढुंढिराजांचा हात आपोआप पिवळ्या पुडीकडे गेला.

त्यांनी ती उचलली. किती सोपं होतं! ही एक पुडी ओतली की महाराज खरे, गुप्तगोदा खरी आणि गुप्तगोदेचे गायधनीही खरे. सिंहस्थात अख्खा हिंदुस्थान इथे लोटेल. रामकुंडावरचे चुलतभाऊ येऊन हात जोडतील. सरोजिनीला तर काही कळणारही नाही, कारण रंग कुठला ओतायचा, ते तिने आपल्यावरच सोडलंय.

तेवढ्यात दारातून बारीक आवाज आला. "आजोबा, तुम्ही रंगपंचमी खेळताय?"

ओवी चौकटीला धरून उभी होती. मनगटावर सुईच्या जागी अजून निळसर डाग होता. दवाखान्यात, डोळे मिटलेले असताना, तिने कोणाला दोष दिला नव्हता. फक्त "आजोबांचं तीर्थ" एवढंच म्हणाली होती.

ढुंढिराजांनी पिवळी पुडी कठड्यावर परत ठेवली. हिरवी फोडली, अख्खी बादलीत रिकामी केली, हाताने ढवळली आणि बादली मोरीत पालथी घातली. मग धोतराचा सोगा खोचून ते ओल्या पायांनीच धावत सुटले.

ते भिंतीपाशी पोचले तेव्हा गर्दी श्वास रोखून उभी होती. धार पांढरी होती. मग जराशी मातकट झाली. आणि मग, मेथीची भाजी धुतल्यासारखी, हिरवीगार!

कोणी जयजयकार करेना. "पिवळी म्हणाले होते ना?" कोणीतरी हळूच विचारलं.

"हिरवा!" महाराज सावरले. "हरित! हरित म्हणजे हरी! हरी म्हणजे विष्णू, विष्णू म्हणजे पीतांबर, म्हणजे मूळ रंग पिवळाच…"

"महाराज, थांबा," ढुंढिराज म्हणाले आणि त्यांनी कुंदनच्या हातातून माइक काढून घेतला. त्यांचे हात कोपरापर्यंत हिरवे होते. "लोकहो, हा रंग मी ओतला. आत्ता. माझ्या न्हाणीघरात."

लाउडस्पीकरने एकदा कुंई केलं.

"म्हणजे?" कुकरवाल्या गृहस्थांनी विचारलं.

"म्हणजे सकाळी मी, माझ्या वरचे, त्यांच्या वरचे, सगळे आंघोळ करतो, ते पाणी इथून पडतं. म्हणून सकाळी धार मोठी. म्हणून रविवारी उशिरा. तो फेस साबणाचा आहे. चंदनाचा वासही साबणाचा. मीच वापरतो तो साबण. महिनाभर तुम्ही माझं आंघोळीचं पाणी पीत होतात. मी स्वतः पळीने वाढत होतो."

मग जे झालं त्याला एकच शब्द आहे: थुंकाथुंकी. कुकर धाडकन खाली पडला. कालचे निळे सदरे भराभर अंगातून निघाले. अंबूबाई तेवढी हार गुंफता गुंफता म्हणाली, "बरं झालं बाई गिऱ्हाईक लय व्हतं!"

ढुंढिराजांनी चांदीची पळी हिरव्या धारेखाली धरली आणि महाराजांपुढे केली. "महाराज, आपण रोज वाटलंत. स्वतः कधी घेतलं नाहीत. आज घ्या."

"माझं… माझं जलमौन आहे."

"मग जीपमध्ये बाटलीबंद पाण्याची खोकी कोणासाठी?" सरोजिनीबाईंनी बोट दाखवलं. जीपच्या मागच्या कापडाची कड वर गेली होती आणि आत प्लॅस्टिकच्या बाटल्या मोत्यांसारख्या चमकत होत्या.

महाराजांनी कफनी दोन्ही हातांनी वर धरली आणि ते जीपकडे धावले. कुंदनने किल्ली फिरवली. पण महिनाभर वाहिलेल्या तीर्थाने तिथे एवढा चिखल झाला होता की चाक जागच्या जागी गरगर फिरू लागलं. शेवटी भक्तांनीच जीपला खांदा दिला. आरतीला लागला नव्हता एवढा जोर त्या दिवशी लागला. जीप सुटली, कोपऱ्यावर वळली आणि महाराज पुन्हा बहुधा हिमालयात गेले. लाउडस्पीकर मात्र घाईत इथेच राहिला.

दुपारी प्लंबर बोलावून भिंतीमागची जमीन खणली. हातभर खाली उंबराच्या मुळांनी सांडपाण्याची नळी विळखा घालून फोडली होती. बाहेर पडणारं पाणी मुरमातून गाळलं जाऊन, स्वच्छ दिसत, उतारावर निघत होतं. गाळ मुरमाने अडवला, पण डोळ्यांना न दिसणारे जंतू त्याला अडवता येत नाहीत. आणखी थोडं खणलं, तेव्हा दिसलं की संडासाच्या टाकीचं जादा पाणीही त्याच नळीत सोडलेलं होतं.

"आंघोळीचं परवडलं असतं हो," कुकरवाले गृहस्थ क्षीण आवाजात म्हणाले आणि कट्ट्यावर बसले.

पण खरा धक्का पुढेच होता. त्याच चरात, त्या फुटक्या नळीला चिकटून, सोसायटीची पिण्याच्या पाण्याची नळी होती. बिल्डरने खणायचे कष्ट वाचवले होते. तिच्या सांध्याला गोणपाट गुंडाळलेलं होतं आणि ते गोणपाट घाणीत भिजून काळं पडलं होतं.

सरोजिनीबाई खड्ड्याच्या काठावर उकिडव्या बसल्या. "तीर्थाला कधी हात न लावणाऱ्या घरातली मुलंही आजारी का पडत होती, ते हे. नळ सुटतो तेव्हा पाणी जोरात असतं. बंद झाला की नळी रिकामी होते आणि बाहेरची घाण सांध्यातून आत ओढून घेते. मग दुसऱ्या दिवशी पहिला हंडा आपण हौसेने भरतो."

महाराज पळून गेले होते. खड्डा मात्र इथेच होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

संध्याकाळी उरलेल्या लाउडस्पीकरचा माइक घेऊन ढुंढिराज उभे राहिले. ते वक्ते नव्हते. त्यांनी जेवढं सांगितलं तेवढं सांगतो.

"दोन्ही नळ्या वेगळ्या होईपर्यंत सगळ्यांनी पाणी उकळून प्या. नंतरही पावसाळ्यात उकळून प्या. नळाला औषधाचा वास येतो म्हणून आपण नाकं मुरडली. तो वास म्हणजे पहारेकरी जागा असल्याची खूण आहे. तो आला नाही तर तक्रार करायची. पाणी पवित्र आहे की नाही, हे त्याच्या रंगावरून, वासावरून किंवा कोणाच्या कफनीवरून कळत नाही. ते तपासावं लागतं. मी तपासलं नाही. मला तीर्थ हवं होतं, म्हणून मला तीर्थ दिसलं. माझी नात वाचली. प्रत्येकाची वाचेलच असं नाही. म्हणून हात जोडून सांगतो, यापुढे कोणी काहीही अद्भुत दाखवलं, मी दाखवलं तरी, आधी विचारा, हे येतं कुठून?"

टाळ्या फारशा पडल्या नाहीत. लोक घरी पाणी उकळायला गेले, ते जास्त बरं झालं.

नळ्या वेगळ्या करायला जून उजाडला. तोवर ओवी पुन्हा धावू लागली होती, आणि पहिल्यापेक्षा दुप्पट बोलू लागली होती. एका सकाळी ती स्वयंपाकघरात उकळून निवलेल्या पाण्याचा पेला घेऊन उभी राहिली.

"आजोबा, मग हे येतं कुठून?"

"नळातून."

"नळात कुठून?"

"धरणातून."

"आणि मधे?"

गोदावरी ब्रह्मगिरीवर कशी उतरली, ती कथा ढुंढिराजांना तोंडपाठ होती. पण धरणापासून स्वतःच्या पेल्यापर्यंत ती कशी येते, कुठे गाळली जाते, कोण तिच्यात औषध घालतं, साठ वर्षं हे पाणी पिऊनही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"मला नाही माहीत, ओवी," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य बोलताना त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यांनी खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली.

"चल, बघून येऊ."